वरचा मजला देणे आहे

ज्या बाईशी मी फोनवर बारा-तेरा मिनिटं हसूनखेळून बोलले, ती बाई मुळात नव्हतीच. पॅम लिंडग्रेन असं नाव तिने सांगितलं होतं. नवऱ्याला बंदरावर नोकरी लागलीय, मार्चपासून घर हवंय, खिडकीत पाटी पाहिली, म्हणाली. बोलणं असं आपल्यातलं, की तिची आई कुठल्या चर्चला जात असेल तेही मी सांगितलं असतं. खिडक्या किती, ऊन कधी येतं, सरोवर दिसतं का, सगळं तिने विचारलं. पानं झडली की स्वयंपाकघरातून हातभर दिसतं, असं मी खरंखरं सांगितलं. शनिवारी दहाला या म्हटलं. शनिवारी मी लिंबाच्या वड्या भाजल्या, वरच्या मजल्यावर आधीच हीटर लावून ठेवला, आणि पॅम आली नाही. रस्ते घसरडे होते, म्हणून मलाच तिची काळजी वाटली. तीन आठवड्यांनी शहराच्या नागरी हक्क कचेरीचं जाड पाकीट आलं, त्यात दुसऱ्या पानावर मला पॅम भेटली. 'चाचणीसाठी फोन करणारी व्यक्ती, क्रमांक दोन.' म्हणजे मी जागा कुणाला देते ते पाहायला कचेरीनेच लावलेली बाई. मी ते पान उभ्यानेच वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हिच्यासाठी मी वड्या भाजल्या.

लबाडीचा मला राग आला. लबाडी म्हणजे तिची. माझी स्वतःची त्याच पानावर, तीन ओळी वर, काळ्या शाईत छापलेली होती, पण डोळा तिच्यावरून घसरून खाली यायचा. त्यात लिहिलं होतं की केब्बे फ्लोमो, वय चौतीस, मूळची लायबेरियाची, हिला मालकीणबाईंनी 'जागा दिली गेली' असं मंगळवारी सांगितलं आणि गुरुवारी तीच जागा क्रमांक दोनच्या व्यक्तीला देऊ केली. मी मार्लिसला फोन लावला. मार्लिस माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, दोन घरं सोडून राहते. "खोटी बाई खोटा फोन करते आणि आरोप कुणावर, तर माझ्यावर!" मी म्हटलं. मार्लिस म्हणाली, "अगं, हल्ली असंच. घर तुझं आणि हक्क सगळ्या जगाचे." तेव्हा मला ते वाक्य फार पटलं होतं. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

वरचा मजला माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, त्याच्या आईसाठी बांधला. सासूबाई गेल्यावर तिथे एक संगीतशिक्षिका चौदा वर्षं राहिली आणि पन्नाशीत लग्न करून निघून गेली. नंतर व्हर्लिनही गेला. टेकडीच्या उतारावरचं घर, हिवाळा सात महिन्यांचा, खाली मी एकटी. पैशांची अशी निकड नव्हती. वर कोणीतरी असावं एवढंच वाटत होतं. व्हर्लिनचीच जुनी पाटी सापडली, 'वरचा मजला देणे आहे', ती मी पुढच्या खिडकीत लावली. खिडकीसमोर बसचा थांबा आहे. पाटी बसमधून नीट दिसते. हे व्हर्लिनला माहीत होतं, म्हणून त्याने अक्षरं एवढी मोठी काढली होती. या अक्षरांनीच मला पुढे गोत्यात आणलं, पण त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

केब्बे थांब्यावर उतरली ती सरळ दारात आली. निळा गणवेश, वर कोट, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते म्हणाली. हाताशी सात वर्षांची मुलगी, यासा, केसांच्या बारीक वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला मणी. "मा, वरची खोली अजून आहे?" त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला 'मा' म्हणतात. मला ते आवडलं की टोचलं, आजही ठरवता येत नाही. मी आत घेतलं. थंडीतून आलेल्या माणसाला दारात उभं ठेवायची आमच्यात रीत नाही. "कॉफी घेणार?" मी विचारलं. आता इथे आमच्या लोकांचं एक सांगायला हवं. कॉफी घेणार का विचारलं की आम्ही नको म्हणतो. पुन्हा विचारलं की छे, कशाला त्रास म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप, असं म्हणतो आणि मग दोन कप पितो. कुणी शिकवत नाही हे, आईच्या दुधातून येतं. केब्बे म्हणाली, "हो. दूध घालून, दोन चमचे साखर." पहिल्याच विचारण्याला! माझा हात भांड्यावर क्षणभर थांबला. एवढंसं झालं, पण मी आत कुठेतरी आवळले. एखाद्याने न विचारता आपली खुर्ची ओढून घ्यावी तसं वाटलं. खरं तर विचारणारी मीच होते.

दिवाणखान्यात गोधडीची चौकट उभी होती. आमच्या चर्चच्या बायका गेली साठ वर्षं दर मंगळवारी गोधड्या शिवतात. जुने शर्ट, पडदे, नवऱ्यांच्या पँटी, हाताला येईल ते. वर्षातून एकदा त्यांचे गठ्ठे बांधून जहाजाने पाठवतात. गठ्ठ्यांवर देशांची नावं असतात. त्यातल्या निम्म्या देशांची राजधानीही आम्हाला माहीत नसते. केब्बेने ती चौकट पाहिली आणि कप हातात घेऊन उभीच राहिली. मग कप खाली ठेवला, गोधडीचं टोक दोन बोटांत धरलं, पालथं केलं आणि मागचे टाके बघितले. "मा, ह्या तुम्ही करता?" मी म्हटलं, आम्ही सगळ्या मिळून. "आमच्या मिशनच्या दवाखान्यात ह्याच होत्या. ही यासा झाली तेव्हा मला अशीच दिली होती, तपकिरी, आणि एका चौकोनाला पँटचा खिसा तसाच होता. मी त्या खिशात तिचं टोपडं ठेवायची." ती हसली. मीही हसले. खिसा न उसवता शिवणारी आमच्यात एकच, आणि ती मी. मंगळवारी मार्लिस त्यावरून मला चिडवते, आळशी म्हणते. म्हणजे ती गोधडी माझी असण्याचा खूपच संभव होता. दुसरी एखादी असती तर तिने या बाईला मिठी मारली असती. मी म्हटलं, "असेल, असेल," आणि जिन्याचा दिवा लावायला गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झालं ते वेगळंच. गोधडी तिकडे जावी हे साठ वर्षं ठीक होतं. तिकडचं माणूस ती गोधडी ओळखत माझ्या दिवाणखान्यात येईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं. दिलेलं दूर राहिलं की देणाऱ्याला बरं वाटतं. हे मी तेव्हा असं स्पष्ट मनाशी म्हटलं नाही, तेव्हा फक्त वाटलं की ही लवकर जावी.

वर तिला सगळं आवडलं. यासा खिडकीपाशी जाऊन हातभर सरोवर बघत राहिली. केब्बेने नळ सोडून पाहिला, कपाटं उघडून पाहिली, "मी सगळं स्वच्छ ठेवते मा, माझं कामच ते," म्हणाली. आणि कधीपासून राहायला येऊ, असं विचारलं. मी म्हटलं, "अजून एकजण बघून गेलेत. बघू काय ठरतंय." कोणीच बघून गेलं नव्हतं. आमच्याकडच्या कुणाही माणसाला या वाक्याचा अर्थ कळला असता. त्याने 'बरं बरं, काही घाई नाही' म्हटलं असतं, हवेच्या चार गोष्टी केल्या असत्या आणि पुन्हा तोंड दाखवलं नसतं. आम्ही नाही म्हणत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण केब्बेला शब्द म्हणजे शब्द. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, "मा, त्यांचं काय ठरलं?" अजून नाही म्हटलं. मंगळवारी पुन्हा केला. तेव्हा मी म्हटलं, "दिलं गेलं हो, काय करणार." ती म्हणाली, "अरेरे. बरं मा, देव तुमचं भलं करो." आणि पाटी मी काढली नाही. विसरले, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. विसरले नव्हते. पाटी काढली असती तर दुसरं कोण आलं असतं? ती बाई रोज दोनदा त्याच बसने त्याच खिडकीवरून जाते, हे मात्र खरोखर माझ्या ध्यानात आलं नाही. दिवसातून दोनदा, मोठ्या अक्षरांत. बुधवारी तिने पाटी तशीच पाहिली आणि कचेरी गाठली.

कचेरीकडून रेने बूशे आली. ती सहा वर्षांची असल्यापासून मी तिला ओळखते. एकतीस वर्षं मी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, निम्मं गाव माझ्या हातचं जेवून मोठं झालंय. रेने गाजर खायची नाही, रुमालात गुंडाळून खिशात घालायची, आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचे. आता ती फाइल घेऊन माझ्या टेबलाशी बसली होती. "मिसेस हाउगेन, हे चौकशीपर्यंत न्यायची गरज नाही," ती म्हणाली. "एक माफीचं पत्र, घर भाड्याने देण्याच्या नियमांचा तीन तासांचा वर्ग, आणि केब्बेला जागा अजून हवी असेल तर तिला द्यायची. एवढंच. माझं ऐका." ती जागा केब्बेला अजून हवी होती. हे रेनेने मला सांगितलं. आणि माझ्या मनात त्या क्षणी, मी देवाशपथ सांगते, सुटल्यासारखं झालं. ही मला वाट काढून देतेय असं वाटलं. मी म्हटलं, "छे छे, कशाला एवढं सगळं. नको." ती उठून गेली. दहा दिवसांनी तेच सगळं लेखी आलं, खाली सहीला जागा. मी सुवाच्य अक्षरात उत्तर पाठवलं, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत त्याबद्दल आभारी आहे, पण नको. आणि वाट बघत बसले. मी खरंच वाट बघत होते. माफीपत्राचा कच्चा मजकूरही करून ठेवला होता, पाकक्रियांच्या वहीत मागच्या पानावर. तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं, एवढं माझ्या लेखी ठरलेलं होतं. आयुष्यात मला कुणी दोनदा विचारून थांबलेलं नव्हतं. पुढचं पाकीट आलं ते सुनावणीच्या तारखेचं. नंतर एकदा किराणा दुकानात रेने भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, "तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस गं." तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने हातातली टोपली खाली ठेवली. "मिसेस हाउगेन," ती म्हणाली, "तो केकचा तुकडा नव्हता हो. दोनदा नाकारलं की आम्हाला पुढे जावंच लागतं, तसा नियम आहे." भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने भीक दुसऱ्याच बाईच्या पदरात घातली.

वकील म्हणून मार्लिसचा भाचा क्रेग आला. तोही माझ्या हातचं जेवलेला, मला मावशी म्हणतो. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "मावशी, त्या बाईला मूल आहे ना?" मी म्हटलं, हो, मुलगी आहे. "मग झालं तर. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि घर दोन बिऱ्हाडांचंच असेल, तर मुलं असलेलं कुटुंब नको म्हणायला नियमाने मुभा आहे. रंगावरून नको म्हणता येत नाही, मुलावरून येतं. तुम्ही मुलावरून म्हणालात." मी म्हटलं, "अरे, पण मी एकतीस वर्षं शाळेत..." "तेच तर!" क्रेग म्हणाला. "एकतीस वर्षं पोरांचा कालवा ऐकलात. आता डोक्यावर धावपळ सोसत नाही. कुणाला पटणार नाही सांगा?" तो इतका खूश झाला होता की त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. आणि असंही वाटलं, नेमकं कारण मला तरी कुठे माहीत होतं? तिचा रंग, असं मी मनातसुद्धा कधी शब्दाने म्हटलं नव्हतं. साखर होती, गोधडी होती, मार्लिस काय म्हणेल हे होतं, तिच्या जेवणाचा वास जिन्यात येईल हे होतं. अशी लहान लहान कारणं मी पुढे मांडत राहिले आणि प्रत्येक कारणामागे तेच एक कारण शांतपणे उभं होतं. पॅमने दोन चमचे साखर मागितली असती तर मी तीन घातली असती. हे मला क्रेग बोलत होता तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "बरं, तुला योग्य वाटेल तसं."

सुनावणी नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. लांब टेबल, मध्ये पाण्याचा जग, निकाल देणारे एक निवृत्त न्यायाधीश, त्यांना खोकला झालेला. पॅम आली. खरी पॅम म्हणजे कुठल्याशा वाचनालयातून निवृत्त झालेली गोलमटोल बाई होती, अंगात हाताने विणलेला स्वेटर. मला पाहून तिने मान हलवली, मीही सवयीने हलवली. तिने आपला भरलेला कागद वाचून दाखवला. भाडं, तारीख, खिडक्या, शनिवार दहा. क्रेगने विचारलं, "तुम्हाला मूल आहे असं तुम्ही फोनवर सांगितलंत का?" ती म्हणाली, नाही, मी आणि नवरा एवढंच सांगितलं. "आणि माझ्या अशिलांनी मुलांविषयी काही म्हटलं का?" मी पाण्याच्या जगाकडे बघत राहिले. कारण मी म्हटलं होतं. शेवटी शेवटी, फोन ठेवता ठेवता, मी पॅमला म्हणाले होते की मुलंबाळं असतील तर फारच छान, मागे उतार आहे, बर्फात घसरगाडी खेळायला आळीतली सगळी पोरं येतात, मी त्यांना गरम कोको देते. एका दमात म्हणाले होते. पॅमने कागदाकडे पाहिलं. दोन्ही बाजू पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर एक आठी आली. आठव, असं मी मनात म्हटलं. आठवू नकोस, असंही म्हटलं, आणि यातलं कुठलं आधी म्हटलं ते मला विचारू नका. "फॉर्मवर तो रकाना नव्हता," ती म्हणाली. "नक्की आठवत नाही." क्रेग बसला. पुढे मी बसले. शपथ झाली. मी सांगितलं की या वयात मला शांतता हवी, लहान मूल डोक्यावर धावलेलं मला सोसत नाही, म्हणून जागा दिली नाही, आणि तोंडावर नाही म्हणायचा संकोच वाटला म्हणून दिली गेली असं खोटं सांगितलं. हा शेवटचा तुकडा खरा होता, त्यामुळे बाकीचंही सगळं खरंच वाटलं.

यासा तिथेच होती. शाळेला त्या दिवशी सुट्टी असावी, किंवा ठेवायला कोणी नसावं. आईशेजारी बसून ती रंगखडूने काहीतरी काढत होती. माझं वाक्य झालं आणि खडूचा आवाज थांबला. मी तिकडे पाहिलं नाही, पण थांबलेला आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं मुलांच्या पंगती वाढल्यात, कुठलं मूल खायचं थांबलंय ते मला पाठमोरी असतानाही कळायचं. नंतर बाहेर पॅसेजमध्ये मी कोट घालत होते, क्रेग फोनवर होता, तेव्हा ती माझ्यापाशी आली. "आजी," ती म्हणाली, "मी घरात नाही धावत. मला धावायचं असलं की मी बाहेर जाते. मम्मीला विचारा." तिचा चेहरा अजिबात रडवेला नव्हता. तिला वाटत होतं की एक चुकीची माहिती माझ्यापर्यंत पोचलीय आणि ती दुरुस्त केली की झालं. मी म्हटलं, "हो गं बाळ, दिसतंच आहे ते." केब्बेने लांबून हाक मारली, ती गेली. जाताना ती कशी चालत होती ते मी पाहिलं आणि नजर वळवली.

निकाल पाच आठवड्यांनी आला, माझ्या बाजूने. 'नियमातील मुभेचा वापर करण्याचा मालकाला अधिकार आहे.' क्रेगने फोनवर आरोळी ठोकली. मार्लिस भाजलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं भरून घेऊन आली, आणि म्हणाली, "बघ, शेवटी सत्याचाच विजय." मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, मुलं नकोत म्हणणाऱ्या घरमालकिणीला दिलासा. माझं नाव, वय, सगळं. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी दोन मुलगे टेबलाभोवती शिवाशिवी खेळत होते, आणि त्यांच्या आईने, जिला मी स्वतः पाच वर्षं दुपारचं जेवण वाढलंय, तिने त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. "हळू रे, मिसेस हाउगेनना त्रास होतो." माझ्या हातात कप होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मला त्रास होत नाही, मला कधीच झाला नाही, मुलांच्या गलक्यातच मी माणसात असते. कुणाला सांगणार? शपथेवर सांगितलं होतं ते मी स्वतःच. उतारावर त्या हिवाळ्यात पुन्हा पोरं आली नाहीत. कोको मी डब्यात भरून ठेवला होता, त्याचे खडे झाले. माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती की जिच्यात काही खोट नव्हती, आणि दुसरी लपवायला मी तीच विकली.

पाटी मी काढून टाकली. वर कोणाला ठेवलं नाही. कधी कधी वर जाऊन मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत असे, सात वर्षांच्या मुलीचा केवढा आवाज झाला असता ते बघायला. पण आपण वर चालत असलो की ऐकायला खाली आपण नसतो. एवढं साधं, ते मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. बस खालून जायची. सकाळी पावणेसातला वर, संध्याकाळी सव्वापाचला खाली. खिडकीत मी उभी राहत नसे.

एप्रिलच्या शेवटी, बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला घाण पाणी वाहत होतं तेव्हा, एका संध्याकाळी मी तिला थांब्यावर पाहिलं. वरच्या आश्रमातून चालत आली होती, बसला उशीर असावा. मी कोट न घालता बाहेर गेले. विचार करून गेले असते तर दारापर्यंतही पोचले नसते.

"केब्बे," मी म्हटलं, "मला काही सांगायचंय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याच्या टोकाकडे. "बस येईपर्यंत सांगा, मा."

"यासामुळे नव्हतं ते. मुलांचा मला काडीचाही त्रास होत नाही. मी खोटं बोलले. कचेरीला मी लिहून देणार आहे. पण आधी मला तिला भेटू दे. तिला सांगते की तिची काही चूक नव्हती."

"मला माहीत आहे, मा," ती म्हणाली. "तुम्ही जिन्याचा दिवा लावायला गेलात ना, मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी फोन केले. म्हटलं, माझंच काही चुकत असेल."

"मग सांगू दे मला तिला."

"काय सांगणार?"

मी कडेने वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"सांगा ना. मी यासा आहे असं समजा. सात वर्षांची आहे. तू धावतेस म्हणून नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. मग ती विचारेल, मग कशामुळे होतं, आजी? विचारणारच ती, भारी चौकस आहे. काय सांगणार?"

मी तोंड उघडलं. जो शब्द मी मनातही कधी उच्चारला नव्हता तो मला आता एका मुलीच्या तोंडावर उच्चारायचा होता, आणि तो ऐकून ती जो चेहरा करेल तो मला पॅसेजमधल्या चेहऱ्यावरून ओळखता येत होता. केब्बेने मला घाई केली नाही. माझ्यात जे काही उत्तर असेल ते निघायला तिने वेळ दिला.

"आता ती घरात चवड्यांवर चालते," मग तीच म्हणाली. "आम्हाला तळमजल्यावर जागा मिळालीय, खाली कोणीही नाही. मी रागावते, चाल गं माणसासारखी. ऐकत नाही. मला बघवत नाही ते, मा. पण मी विचार केला. पाय हळू टाकता येतात. ते तिच्या हातात आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर तिने काय हळू करायचं?"

वळणावर बसचे दिवे दिसले. तिने पिशवीतून पास काढला.

"कचेरीला लिहायचं असेल तर लिहा, ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "तिच्याकडे येऊ नका. आज ना उद्या कोणीतरी सांगेलच तिला. तोवर तिला वाटू दे की पायांचंच होतं."

बस थांबली. ती चढली, चालकाला काहीतरी बोलली, आणि मागे जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.